पाचशे मैलांच्या आत

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीच्या बॉनेटवर रस्त्यांच्या नकाशांचं जाडजूड पुस्तक उघडं पडलं होतं आणि दोन म्हातारे त्यावर ओणवे होऊन हुज्जत घालत होते. मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला बाहेर आले होते. "विस्कॉन्सिन चालेल, इलिनॉय नको," एकजण म्हणत होता. "नको म्हणून काय होतंय, पाचशेच्या आत येतंय ते," दुसरा. मला वाटलं, कुणाचं तरी घर हलवायचंय, नाहीतर दवाखान्याच्या खेपा असतील. जवळ गेले तर शेजाऱ्यांच्या मित्राचं बोट लेक सुपिरियरमध्ये घुसलेल्या जमिनीच्या एका टोकावर होतं. "आणि हे आठवतंय का? काय वारा होता त्या दिवशी!" शेजाऱ्यांनी मान वर न करता म्हटलं, "ते आता नाही." "हरले का?" मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. "नाही गं. कॉलेजच बंद पडलं." आणि पान उलटलं. एसटीचा थांबा चौकातून पुढे हलवलाय हे सांगावं इतक्या सहज. बोटं गारठायला लागली म्हणून मी घरात आले, पण रात्री भांडी लावताना ते वाक्य डोक्यातून जाईना. कॉलेज असं बंद पडतं? आणि पडलं, तर ते आधी फुटबॉलच्या नकाशातून पुसायचं असतं?

आम्ही राहतो ते सेंट क्लाऊड, मिनेसोटा. इथून पंधरा-वीस मिनिटांवर कॉलेजव्हिल. गाव असं काही नाहीच, एक बेनेडिक्टाइन मठ, तळं, जंगल आणि सेंट जॉन्स हे मुलांचं कॉलेज. इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला, लांबुळक्या चेंडूचा. टीव्हीवर दिसतो तो मोठ्या विद्यापीठांचा, लाख माणसांच्या स्टेडियमांचा, कोट्यवधी डॉलरांचा. सेंट जॉन्स खेळतं ते तिसऱ्या श्रेणीत. डिव्हिजन थ्री. इथं खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायलाच बंदी. म्हणजे एकशेवीस किलोचा मुलगा सकाळी रसायनशास्त्राची प्रयोगवही लिहितो, दुपारी डोकं आपटून घेतो आणि वर फीही भरतो. अशी जवळपास २४० कॉलेजं देशभर पसरलेली आहेत, आणि त्यातली बहुतेक अशा गावांत की जिथे दुसऱ्या कुठल्याही कारणानं तुम्ही जाणार नाही.

शेजारी तिथलेच जुने विद्यार्थी. निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेली, गुडघा बदललेला. नोव्हेंबर उजाडला की त्यांचा आणि त्यांच्या मित्राचा एकच विषय: आता कोण पडेल आणि कुठे जावं लागेल? नियमित हंगाम संपला की नोव्हेंबरच्या मध्यावर एका रविवारी बाद फेरीच्या जोड्या जाहीर होतात. २०२३पर्यंत ३२ संघ असायचे, २०२४पासून ४० झाले. रविवारी नाव कळतं आणि पहिली फेरी पुढच्याच शनिवारी. सहा दिवसांत मोटेल, गाडी, कुत्र्याची सोय, सगळं उरकायचं. म्हणून हे दोघे आधीच शक्य तितके सगळे रस्ते मनातल्या मनात चालवून ठेवतात. शेजाऱ्यांच्या डोक्यात अजून तो वर्षानुवर्षांचा जुना हिशेब पक्का बसलेला: ५०० मैलांच्या आत असेल तर संघ बसनं जाणार, पलीकडे असेल तर स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेला विमानाचा खर्च. तिसऱ्या श्रेणीत पैसा बेताचा, त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्यांत विमान टाळायचं, म्हणजेच जोड्या ठरवताना ताकदीइतकंच अंतरही बघायचं. टेक्सासची कॉलेजं बाकी सगळ्यांपासून इतकी लांब की मेरी हार्डिन-बेलर आणि हार्डिन-सिमन्स या तिथल्या दोन तगड्या संघांवर एकमेकांनाच लवकर संपवायची पाळी यायची. देशात कुणाशी झुंजायचं हे पेट्रोलच्या भावानं ठरवावं, हा न्याय मला आधी विचित्र वाटला. नंतर त्यात एक गंमत दिसायला लागली. इतर श्रेणींचे चाहते गुणतालिका बघतात, हे दोघे नकाशा बघतात.

कॉलेजव्हिलहून विस्कॉन्सिनमधलं व्हाइटवॉटर पाचशेच्या आरामात आत. इलिनॉयमधलं नेपरव्हिलही आत, पण थोडक्यात. मिशिगनचा खालचा भाग बाहेर. आयोवा तर काय, मधल्या वेळचं खाणं बांधून नेलं की झालं.

त्यांचं बोलणं ऐकणं हा एक वेगळाच भूगोल आहे. अलायन्स म्हणजे ओहायोतलं एक कारखान्यांचं, आता थोडं मंदावलेलं गाव. पण यांच्या तोंडी ते नाव आलं की आवाज खाली जातो, कारण तिथे माउंट युनियन. तेरा राष्ट्रीय अजिंक्यपदं. लॅरी केहरेस नावाच्या प्रशिक्षकानं १९८६ ते २०१२ या काळात ३३२ सामने जिंकले आणि हरला फक्त २४. व्हाइटवॉटर म्हणजे सहा अजिंक्यपदं, आणि २००५ ते २०११ अशी सलग सात वर्षं अंतिम सामन्यात हेच दोघे समोरासमोर. बाकी देशानं नुसतं बघायचं. मग नेपरव्हिलच्या नॉर्थ सेंट्रलचा काळ आला, तेही २०२३ला कोर्टलँडकडून एका गुणानं हरलं, ३८-३७. हे आकडे शेजाऱ्यांना मुलांच्या वाढदिवसांपेक्षा चोख पाठ आहेत, असं त्यांची बायको म्हणते. पण आकड्यांवर ते फार रेंगाळत नाहीत. रेंगाळतात ते कुठल्या स्टेडियमच्या कुठल्या बाजूला दुपारी ऊन येतं, कुठे पाहुण्यांना बिनपाठीचे बाक देतात, कुठल्या गावात चर्चच्या बायका तळघरात 'पाय' नावाचा गोड पदार्थ विकतात आणि त्यातला रुबार्बचा आधी संपतो, यावर.

आणि स्वतःचं क्लेमेन्स स्टेडियम, ते तर विचारूच नका. पण ते आहेच तसं. जमिनीनंच खोलगट होऊन मैदानाला जागा करून दिलेली, तिन्ही बाजूंनी चढ आणि चढावर झाडी. ऑक्टोबरात मॅपल आणि ओक पेटतात तेव्हा स्कोअर बघायचं विसरायला होतं. मागे मार्सेल ब्रॉयरनं बांधलेल्या मठाच्या चर्चचा काँक्रीटचा तो उभा घंटाफलक. ब्रॅटवुर्स्ट सॉसेजचा धूर, ओल्या पानांचा वास, थर्मासमधली कॉफी, आणि मधूनच काळ्या झग्यावर लाल टोपी घातलेला एखादा साधू, "पास कर ना!" म्हणून ओरडणारा. इथे जॉन गलार्डी प्रशिक्षक म्हणून १९५३ला आले आणि २०१२पर्यंत राहिले. ४८९ विजय, कॉलेज फुटबॉलमध्ये इतके कुणाचेच नाहीत. सरावात टॅकल करायचं नाही, शिट्टी नाही, डास फार झाले तर सराव नाही, आणि मला कोच म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं. आमच्याकडे वस्तादांना नावानं हाक मारली असती तर घरापर्यंत तक्रार गेली असती.

आमच्याकडे म्हणजे कोल्हापुरात. हे सगळं मला इतकं ओळखीचं का वाटतं ते कळायला जरा वेळ लागला. काका शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून आयुष्य काढलेला माणूस. पाटाकडील विरुद्ध खंडोबा, असा या दोन तालमींचा फुटबॉल सामना असला की दुकानाचं शटर अर्धं खाली. सामना संपला की खरी गंमत सुरू, कोपऱ्यावर, रात्री जेवणं थंड होईपर्यंत. पुढच्या फेरीत कोण, प्रॅक्टिस क्लब पडला तर काय, दिलबहार पडला तर काय, कुणाचा गोलकीपर दुखावलाय, कुणी बाहेरचा खेळाडू आणलाय. फरक एवढाच, की आमच्या प्रतिस्पर्ध्याकडे जायला अंतरच नव्हतं. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ, मध्ये चालत जाण्याइतकी जागा. सगळे सामने त्या एकाच मैदानावर. दुसऱ्याच्या मैदानावर जाणं, तिथले बाक, तिथला वारा, तिथली मिसळ, हा अनुभव पेठेच्या माणसाला कुठून असणार? अपवाद गडहिंग्लजच्या स्पर्धांचा. तिथे काका एसटीनं जायचा आणि परत आला की सामन्याबद्दल दोन वाक्यं आणि घाटातल्या चहाबद्दल वीस. "हरलो, पण चहा काय हुता म्हाराजा!" तेव्हा आम्ही हसायचो. आता शेजाऱ्यांचं रुबार्ब पायपुराण ऐकताना हसू येत नाही, मी शांतपणे विचारते, कुठल्या चर्चमध्ये?

पेठेचा शत्रू कुठे जात नाही. तो बोळाच्या पलीकडे राहतो, त्याच्या बहिणीचं लग्न आपल्याच कार्यालयात होतं. इथे मात्र शत्रू निघून गेलेला मी पाहिला.

सेंट पॉल शहरातलं सेंट थॉमस आणि हे सेंट जॉन्स, १९०१पासूनचं वैर. दोन्ही कॅथलिक, दोघांत दीड तासाचं अंतर, घराघरांत दोन्हीकडचे. २०१७ला हा सामना मिनिआपोलिसच्या बेसबॉलच्या टार्गेट फील्डवर ठेवला तर ३७,३५५ माणसं आली. तिसऱ्या श्रेणीच्या सामन्याला! तोवर एवढी गर्दी या श्रेणीत कधी झालीच नव्हती. पण त्याच हंगामात सेंट थॉमसनं सेंट ओलाफला ९७-० असं हरवलं. सत्त्याण्णव. कुणालातरी थांबावंसं वाटायला हवं होतं, असं शेजारी आजही म्हणतात, आणि लगेच पुढे, "पण आपण असतो तर थांबलो असतो का?" सेंट थॉमस संख्येनं, पैशानं बाकीच्यांच्या कितीतरी पुढे गेलं होतं. शेवटी २०१९च्या मे महिन्यात लीगमधल्या इतर कॉलेजांनी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. १९२०ला ही लीग सुरू करणाऱ्यांपैकीच ते एक होते. सेंट थॉमसनं रडगाणं गायलं नाही, २०२१ला तिसरीतून थेट पहिल्या श्रेणीत उडी मारली. त्या शरद ऋतूत मी शेजाऱ्यांना विचारलं, बरं झालं ना, ब्याद टळली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की खंडोबाची तालीम बंद झाली तर बरं होईल, असं मी काकाला म्हटलं असावं. वैरी गेल्यावर विजय मोजायचे कशावर? सेंट ओलाफला हरवून कुणाला मिशी पिळता येत नाही.

सेंट ओलाफची बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते बिचारे इथे ९७-०पुरतेच उरतील. त्यांच्या नॉर्थफील्ड गावात दुसरं कॉलेज आहे कार्लटन. १९७७ला अमेरिका मेट्रिक पद्धत स्वीकारणार असं वारं होतं, तेव्हा या दोघांनी चक्क मीटरमध्ये मैदान आखून सामना खेळला. शंभर यार्डांच्या जागी शंभर मीटर. सेंट ओलाफनं तो ४३-० जिंकला, आणि देशानं मीटर काही घेतला नाही. मला ही गोष्ट फार आवडते. एवढ्याशा गावातल्या दोन कॉलेजांना वाटलं, आपण करून दाखवू, मग बाकीचे येतीलच. बाकीचे आले नाहीत. मी अजून गाडीच्या मैलांचे मनात किलोमीटर करते.

मी त्यांच्याबरोबर व्हाइटवॉटरला गेले ती २०१९च्या डिसेंबरात, उपांत्य फेरीला. खरं तर जाणार होत्या शेजारीणबाई, त्या आजारी पडल्या आणि गाडीत एक जागा रिकामी. पहाटे अंधारात निघालो. इंटरस्टेट ९४ धरून सेंट पॉलच्या पुढे नदी ओलांडली की विस्कॉन्सिन. ओ क्लेअर, मग टोमा, तिथे ९० नंबरचा रस्ता येऊन मिळतो. क्विक ट्रिपच्या पंपावर थांबणं हा विधी. कोणत्या पंपावर, हेही ठरलेलं. केळी, गरम चीजची पाकिटं आणि लाल टोप्या घातलेली अनोळखी माणसं, सगळी एकाच दिशेनं चाललेली. "तुमचा कोण?" "नातू, राखीव आहे, बहुतेक खेळणार नाही." खेळणार नाही हे माहीत असून चारशे मैल. स्टेडियमात बाक इतके गार की ब्लँकेटखाली वर्तमानपत्र घालावं लागलं. खेळाचे नियम मला तेव्हा अर्धेमुर्धे कळत होते, पण शेवटच्या मिनिटांत आजूबाजूच्या माणसांचा श्वास अडकतो तो कळायला नियम लागत नाहीत. ३५-३२. हरलो. हे 'हरलो' माझ्या तोंडून कधीपासून निघायला लागलं ते मलाही सांगता येणार नाही. परतताना मॅडिसनपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. डेल्स गेलं. टोमाच्या अलीकडे मित्र हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी त्यांचे आठ जण जातायत." शेजारी म्हणाले, "आपले किती?" आणि जी सुरुवात झाली ती घराच्या दारापर्यंत. पुढचं वर्ष कोविडनं गिळलं, ती गोष्ट वेगळी.

त्याच डिसेंबरात आमच्या गावातल्या सरकारी विद्यापीठानं, सेंट क्लाऊड स्टेटनं, आपला फुटबॉल बंद केला. त्यांची श्रेणी दुसरी, पण तिथेही पैशाचंच गणित. आणि इथे मला त्या संध्याकाळच्या वाक्याकडे जावंच लागतं. लेक सुपिरियरमधलं ते टोक म्हणजे हॅनकॉक, मिशिगन. तिथलं फिनलँडिया विद्यापीठ. १८९६ला फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांच्या समाजानं काढलेलं, तेव्हा नाव सुओमी कॉलेज. २०२३ला बंद झालं. मित्रांचा कुणी नातेवाईक तिथे खेळायचा, म्हणून हे दोघे तो उचलता येणारा पूल ओलांडून गेले होते. तशी बरीच आहेत. इलिनॉयमधलं मॅकमरे २०२०ला गेलं. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न २०२४च्या मेअखेर बंद झालं तेव्हा त्यांचा बेसबॉलचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता, म्हणजे कॉलेज मेलं आणि संघ अजून स्पर्धेत.

मला आधी वाटायचं, कॉलेजं बुडतात आणि हे लोक खेळाचं कौतुक करत बसतात. शेजाऱ्यांनी उलटं गणित समजावलं. लहान खासगी कॉलेजांना मुलं मिळत नाहीत, त्यातही मुलगे. तरुणांची संख्याच घटतेय. अशा वेळी कॉलेज फुटबॉल सुरू करतं. शिष्यवृत्ती द्यायची नाही, म्हणजे शंभर मुलगे आले की शंभर फिया. बोर्डावर लिहिलेली फी कितीतरी ठिकाणी वर्षाला ५०,००० डॉलरच्या पुढे, सवलती वजा जाऊनही हातात काहीतरी पडतंच. म्हणजे तो प्रशिक्षक मुळात प्रवेश विभागाचा माणूस. हे ऐकल्यावर काही दिवस मला मैदानावरचा प्रत्येक मुलगा चालती-बोलती पावती दिसायला लागला, आणि त्या नातू-राखीव-आजोबांचाही राग आला. एवढ्या कर्जाच्या मोबदल्यात बाकावर बसायचं? पण ते म्हणणंही पुरं नाही. ती मुलं तिथे खेळायला मिळतं म्हणून तरी शिकतात, चार वर्षं कुणाचे तरी होतात, आणि पुढे साठ वर्षं नकाशे उघडून भांडतात. फी वसूल झाली की नाही हे मी कशी ठरवणार?

शेजाऱ्यांच्या यादीत सगळ्यात वरचं गाव आहे सेलम, व्हर्जिनिया. १९९३ ते २०१७ अंतिम सामना तिथे व्हायचा. त्यामुळे तिसऱ्या श्रेणीच्या माणसाला 'सेलमला जाणं' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. २००३ला सेंट जॉन्स पोचलं, समोर माउंट युनियन, सलग ५५ सामने न हरलेलं. २४-६ अशी मात केली. शेजारी तेव्हा दोन दिवस गाडी चालवून गेले होते, आणि अजूनही ती कथा सांगताना सामना यायला अर्धा तास लागतो. आधी इंडियाना यावं लागतं, मग केंटकीतलं धुकं, मग डोंगरातलं मोटेल, तिथे सकाळी नाश्त्याला जांभळ्या जर्सीतले माउंट युनियनवाले, आणि त्यांच्याशी झालेल्या गप्पा. "सभ्य माणसं," ते म्हणतात. "जिंकायची सवय असलेली माणसं नाश्त्याला सभ्य असतात." पुढे अंतिम सामना टेक्सास, ओहायो, मेरिलँड असा फिरायला लागला आणि त्यांचा त्यातला जीव जरा कमी झाला. मी विचारलं, सामना तोच ना? तर म्हणाले, सामना तोच, पण जायचं कुठे ते दरवर्षी नवं.

मघाच्या त्या शनिवारचं पुढं काय झालं, तर रविवारी जोड्या जाहीर झाल्या आणि सेंट जॉन्सला पहिला सामना आयोवाच्या एका संघाशी, घरच्याच मैदानावर मिळाला. सगळ्यांना हेच हवं असतं. झोप आपल्या गादीत, झाडी आपली, बाक आपले. मी अभिनंदन करायला गेले तर दोघे म्हातारे स्वयंपाकघरात जरा हिरमुसले बसलेले. इतकी तयारी केलेली, इलिनॉयच्या मोटेलचा फोन नंबरही काढून ठेवलेला. शेजारीणबाईंनी मला डोळ्यानं खुणावलं, बोलू नकोस. थोड्या वेळानं मित्रांनी कॉफीचा घोट घेतला आणि विचारलं, "ते पाहुणे कुठल्या रस्त्यानं येतील मग?" शेजारी ताठ झाले. "पस्तीस नंबरनं वर येतील आणि मिनिआपोलिसमध्ये अडकतील, शनिवारी सकाळी तिथे काम चालू असतं. त्यांना कुणीतरी सांगायला हवं." मग पुढचा तासभर त्या आयोवाच्या माणसांनी कुठे थांबावं, कुठे पेट्रोल भरावं, सेंट क्लाऊडमध्ये सकाळी सातला उघडणारं आणि अंडी नीट तळणारं हॉटेल कोणतं, यावर खडाजंगी झाली. मी माझं मत दिलं. ते एकमतानं फेटाळलं गेलं.